सनरूफसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
सन्माननीय श्री. सनरूफसाहेब,
मुक्काम : कॉम्पॅक्ट एसयूव्हीचं छप्पर, वरचं मॉडेल.

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आमच्या घरी नवी गाडी घ्यायचं ठरलं आणि आपले पाय, चुकले, आपली काच आमच्या घराला लागली. आम्ही चौल-रेवदंड्याकडची माणसं. रोजचं अलिबाग, मुलांची शाळा, बाजारहाट, सासूबाईंचा डॉक्टर, अधूनमधून साळावचा पूल ओलांडून मुरूड. एवढ्यासाठी दोन गाड्यांतली एक निवडायची होती : टाटाची नेक्सॉन की मारुतीची ब्रेझा. प्रश्न साधा होता. आपण मध्ये पडलात आणि तो इतका मोठा केलात की घरात आठवडाभर दुसरा विषय निघाला नाही. एवढा मान आमच्या घरात जावयालाही मिळालेला नाही. आभारी आहे.

शोरूममधला आपला दरबार मी पाहिला. तिथल्या तरुणाने बटण दाबलं, बारीक घरघर झाली आणि काच मागे सरकली. आमची मुलं चपलांसकट सीटवर उभी राहिली. नवरा वर बघत होता, तो तरुण वर बघत होता, शेजारच्या गाडीशी आलेलं कुटुंबही वर बघत होतं. सासूबाई तेव्हा मागच्या दाराशी होत्या. एक पाय आत, एक बाहेर, आणि हात धरायला काहीतरी शोधतोय. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. साहेब, घरातल्या सगळ्यांच्या नजरा एका बटणावर माणसांवरून काढून आभाळाला लावायच्या, हे येरागबाळ्याचं काम नोहे.

आपल्यामुळे पुष्कळ रटाळ माहितीतून आमची सुटका झाली, तेही नमूद करते. या दोन्ही गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे, बरोब्बर सारखी. हा काही योगायोग नव्हे. चार मीटरच्या आत राहिलं की छोट्या गाडीचा कर लागतो, म्हणून कंपन्या पाच मिलिमीटर राखून थांबतात. पण लांबीबरोबर इंजिनाचीही अट आहे : पेट्रोल १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचं, म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून तिला १८ टक्के जीएसटी. ब्रेझाचं १,४६२ सीसीचं, म्हणून तिला ४० टक्के. हे शोरूममध्ये आम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही. वेळच नव्हता, आपली काच उघडून-मिटून दाखवायची होती ना.

कर उतरला तेव्हा वाटलं, चला, चार पैसे वाचले. आपण केवढे दयाळू! त्या पैशांचं काय करायचं या विवंचनेत आपण आम्हाला क्षणभरही ठेवलं नाहीत. 'आता याच बजेटमध्ये सनरूफवालं मॉडेल बसतंय,' असं आपल्या वतीने सांगण्यात आलं. सरकारने सोडलेलं आपण अदबीने उचललंत.

आणि काय ती आपली चढण! २०२० मध्ये नेक्सॉनच्या 'एक्सएम' मॉडेलला एक 'एस' जोडून आपण मधल्या पायरीवर उतरलात आणि मध्यमवर्गाला दर्शन दिलंत. २०२२ च्या जून अखेरीस नवी ब्रेझा आली, तेव्हा मारुतीच्या भारतातल्या गाड्यांमध्ये आपलं पहिलं पाऊल पडलं, पण ते वरच्या 'झेडएक्सआय'पासून पुढे. आपण हवे असाल तर भक्ताने तिथवर चढावं. वाटेत नको असलेल्या दहा गोष्टींची दक्षिणा द्यावी लागते, पण देवदर्शनाला जाताना पैशांकडे बघायचं नसतं.

सुरक्षिततेच्या बाबतीत तर आपली विनम्रता वाखाणण्यासारखी आहे. २०१८ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तेव्हाच्या ब्रेझाला ४ तारे मिळाले आणि डिसेंबरात नेक्सॉनला ५. पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली. त्या गुणपत्रिकेत मोठ्यांचे गुण असतात, मुलांचे असतात. आपल्या नावाचा रकाना मात्र कुठेच नाही. परीक्षेला न बसता वर्गात पहिला नंबर कसा काढावा, हे आपल्याकडून शिकावं.

मुलांचा विषय निघालाच आहे, तर एक मनापासूनचं सांगते. सुट्टीच्या दिवशी अलिबाग-मुरूड रस्त्यावर उभी राहते, तेव्हा आपल्यातून बाहेर डोकावणारी लेकरं दिसतात. कमरेपर्यंत बाहेर, हात पसरलेले, खाली आईबाप मोबाइल धरून. काशीदच्या वळणावर चालकाने करकचून ब्रेक मारला तर त्या लेकराला धरून ठेवायला काय आहे? आपल्या काचेची कड. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-ब सांगतं की चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर चालकाला १,००० रुपये दंड. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. एवढा मोठा माणूस, एवढी महागडी गाडी, आणि तरीही. हे माहीत असूनही मुलांना पट्टा सोडून उभं राहायचं निमंत्रण देता, यातच आपला दिलदारपणा आला.

पावसाळ्यात आपण आमच्या कोकणाशी जो जिव्हाळा जोडता, त्याला तोड नाही. आपल्या काचेभोवती एक पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली उतरतात. काचेच्या कडेने शिरलेलं पाणी तिथून वाहून जातं. आता आमच्या किनाऱ्यावर गाडी उभी करायची ती सुरूच्या बनात. सुरूची ती सुईसारखी पानं पन्हळीत जमतात, वाळूचा बारीक कण त्यांना चिकटतो, आणि नळी तुंबली की आषाढातलं पाणी छताच्या कापडावर उतरतं. मृगाआधी घराची पन्हळ साफ करतो तशी आता गाडीचीही करायची. शोरूममध्ये हे सांगून आपण आमचा विरस केला नाहीत, केवढी आपली माया!

नारळाबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या वाडीत सावली म्हणजे माडाची सावली. वरून झावळी पडते, कधी नारळ पडतो. पत्र्याला पोचा पडतो, तो ठोकून काढता येतो. काचेचं तसं नसतं. २०२४ पासून नेक्सॉनमध्ये आपला विस्तारित, पॅनोरमिक अवतारही मिळतो, म्हणजे माडाला नेम धरायला अधिक सोय. आमच्या माडांच्या वतीनेही धन्यवाद.

एक दिवस मात्र मला आपल्या तोंडावर सांगायचा आहे. ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे कागदासारखे उडाले, कौलं फुटली. त्यानंतर माणसं कितीतरी दिवस घरात बसून आभाळ बघत होती, साहेब. आपल्याशिवाय. डोक्यावरचं छप्पर बंद असावं यासाठी या किनाऱ्याने प्लास्टिकच्या कागदाला रांगा लावल्या आहेत. त्याच किनाऱ्यावर येऊन छपराला भोक पाडून घ्यायला जास्तीचे पैसे मागता, आपल्या धारिष्ट्याला सलाम.

एप्रिल-मे महिन्यांत आपण दाखवता त्या उबदारपणाचाही उल्लेख करायलाच हवा. दुपारी कार्लेखिंड चढताना आतला पडदा ओढून घ्यावा लागतो, एसी वाढवावा लागतो, तरी मागे बसलेल्यांचं टाळकं तापतं. म्हणजे आपण मिळावेत म्हणून पैसे मोजायचे आणि आपण दिसू नयेत म्हणून पडदा ओढायचा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो आम्ही आता डोक्यावर मिरवायचा.

आपण आभाळ दाखवलंत म्हणून आम्ही रस्ता बघायचा विसरलो, हाही एक उपकारच. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण रायगडात २०११ साली सुरू झालं, ते आम्ही अजून भोगतो आहोत. चौल-नागावच्या गल्ल्यांत दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, समोरून एसटी आली की आरसे मिटवून घ्यायचे. नेक्सॉनची रुंदी १,८०४ मिलिमीटर, ब्रेझाची १,७९०. आगरदांडा-दिघीच्या किंवा बागमांडला-वेसवीच्या जंगलजेटीच्या फेरीबोटीवर गाड्या अंगाला अंग लावून उभ्या करतात. तिथे दार किती उघडतं याला मोल असतं, वर काय उघडतं याला नाही. ब्रेझाची उंची १,६८५ मिलिमीटर, नेक्सॉनची १,६२०. गुडघे दुखणाऱ्या माणसाला या फरकात बसायला-उठायला काही मिळतं का, ते त्या माणसालाच बसवून बघायचं असतं. आम्ही काय बघितलं? आकाशाचा रंग.

गणपतीचं तर आपण मनावरच घेऊ नका. दरवर्षी पेणहून मूर्ती आणायची. पुढची सीट मागे सरकवून, मूर्ती मांडीवर, एक हात मागे, एक पुढे, आणि वडखळच्या खड्ड्यांत सगळी गाडी श्वास रोखून. त्या वेळी लागतं ते मऊ सस्पेन्शन, रुंद उघडणारं दार आणि सांभाळून क्लच सोडणारा पाय. बाप्पा आपल्यातून डोकावत नाहीत. त्यांना पट्टा लावून बसलेलं बरं वाटतं.

आणि डिकी? नेक्सॉनची ३८२ लिटर, ब्रेझाची ३२८. पांढऱ्या कांद्याच्या माळा, तांदळाची गोणी, मुंबईला निघालेली सुकट आणि तिचा वास बंद करणाऱ्या तीन पिशव्या, हे सगळं बसवायचं असतं. सीएनजी घ्यायची तर ब्रेझाची टाकी डिकीतली बरीच जागा घेते, नेक्सॉनच्या दोन छोट्या टाक्या तळाशी बसवल्याने ३२१ लिटर उरते. हा हिशेब रोजच्या जगण्यातला. पण आपण वर असताना मागचं झाकण उघडून बघायची कुणाची प्राज्ञा?

साहेब, आपला राग नाही. थंडीच्या दिवसांत, संध्याकाळी, मोकळ्या रस्त्यावर आपण छान दिसता, कबूल. ज्याच्याकडे सगळं झाल्यावर पैसे उरतात त्याच्याकडे खुशाल राहा. पण ज्या घरात हप्ता पगारातून जातो, तिथे आपण टायरच्या, मुलाच्या आसनाच्या, खाऱ्या वाऱ्यापासून तळ वाचवणाऱ्या गंजरोधक लेपाच्या पैशांवर येऊन बसता. तेवढं करू नका. आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला दुसरेही पुष्कळ आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपली नम्र,
रेवदंड्याकडची एक चालक, जिल्हा रायगड.

ता. क. हे पत्र ज्यांनी साहेबांच्या खांद्यावरून वाचलं, त्यांच्यासाठी. या दोन गाड्यांतली एकही वाईट नाही. घरात म्हातारी माणसं असतील, गल्ल्या अरुंद असतील आणि गाडी शांतपणे चालवायची असेल तर ब्रेझा आधी बघा. महामार्गावर जास्त फिरणं असेल, सामान जास्त असेल किंवा डिझेल हवं असेल तर नेक्सॉन आधी बघा. चाचणीच्या फेरीला एकट्याने जाऊ नका, सगळं घर न्या आणि शोरूमच्या गुळगुळीत रस्त्याऐवजी आपल्या रोजच्या रस्त्यावर फिरा. तुम्ही घेताय त्याच मॉडेलला एअरबॅग किती, मागच्या मधल्या माणसाला तीन टोकांचा पट्टा आणि डोकं टेकायला आधार आहे का, मुलाचं आसन अडकवायची सोय आहे का, हे विचारा. सनरूफ नसलेल्या मॉडेलचं ऑन-रोड कोटेशन लेखी मागा. दोन कागद शेजारी ठेवा, फरकाची रक्कम वाचा, आणि मगच सही करा.