बावीस तासांची सुट्टी

रेल्वे कायदा, 1989, कलम 133. गाडी चालवणाऱ्याला महिन्यात सलग 30 तासांच्या किमान चार विश्रांती द्याव्यात, किंवा सलग 22 तासांच्या किमान पाच. बावीस तास म्हणजे पुरता एक दिवसही नाही. सोमवारी रात्री आठला घरी आलेल्याची सुट्टी मंगळवारी संध्याकाळी सहाला संपते. डोंबिवलीहून मंत्रालयात जाणाऱ्याला 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, साठ तासांच्या वर वेळ त्याचा स्वतःचा. तो त्याला मिळायलाच हवा होता. मग शेकडो टनांचं धूड ओढणाऱ्याला बावीस कुठल्या हिशेबाने? लोको पायलट म्हणतात, ड्युटीनंतर मुख्यालयात मिळणारे विश्रांतीचे 16 तास वेगळे आणि आठवड्याचे 30 वेगळे, म्हणजे एकूण 46. प्रशासन ते 16 तास तिसातच धरतं. मला यात लोको पायलटांचं म्हणणं सरळ दिसतं.

आता रोजच्या ड्युटीचं बघू. 2016 च्या नियमानुसार सलग रनिंग ड्युटी नऊ तासांची. दोन तास आधी कळवलं की अकरा. बदलीची जागा तासाभरावर असेल तर बारा. अपघात, पूर, बिघाड असेल तर कंट्रोलर आणखी थांबवू शकतो. कल्याणहून मालगाडी घेऊन निघालेल्याला विचारा, हे तास कुठे जातात. लोकलला वाट, मेल-एक्स्प्रेसला वाट. मालगाडी टिटवाळ्याला, आसनगावला लूप लाइनवर उभी. चाक हलत नाही, पण नजर सिग्नलवरून हलवता येत नाही. पुढे कसाऱ्याला मागून रेटणारी बँकर इंजिनं जोडायची आणि 37 ला 1 चा चढ चढून इगतपुरी गाठायची. घाटात सर्वांत जास्त जागं राहावं लागतं आणि माणूस तिथे पोहोचतो तो सर्वांत जास्त थकून.

एप्रिल 2025 मध्ये रेल्वे बोर्डाने कळवलं की जेवणासाठी आणि लघवीला जाण्यासाठी ठरावीक वेळ नियमात घालणं शक्य नाही. असंख्य इंजिनांत शौचालय नाही. महिला लोको पायलट पाणी कमी पिऊन ड्युटी काढतात, हे त्यांनी वारंवार सांगितलं आहे. ज्या व्यवस्थेला गाडीचं वेळापत्रक मिनिटामिनिटाचं आखता येतं, तिला दहा मिनिटांचा थांबा आखता येत नाही, हे मी मानायला तयार नाही.

खरी गोम कलम 134 मध्ये आहे. बदली माणूस येईपर्यंत काम सोडून जायचं नाही. तो आलाच नाही तर थकव्याचा भार गाडीवरच्या माणसाने सोसायचा. अमेरिकेत 1907 पासून या तासांचा कायदा आहे. तेव्हाची मर्यादा सोळा तासांची होती, आज बारा. बारा भरले की चालकाने गाडी पुढे न्यायची नाही. वाटेत थांबली तर कंपनीने दुसरी जोडी पाठवायची. तिथेही कुरकुर आहे, पण मर्यादेचा भार कंपनीवर पडतो.

आपल्याकडे ही लढाई जुनी आहे. रेल्वे कामगारांच्या तासांचा निवाडा 1947 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. राजाध्यक्ष यांनी दिला. 1973 मध्ये लोको कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा दहा तासांचं आश्वासन मिळालं. 1974 च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वे थांबली, त्या मागण्यांतही कामाचे तास होते.

आणि फेब्रुवारी 2024? एका मोटरमनच्या अंत्यसंस्काराला त्याचे सहकारी कल्याणला गेले, जादा ड्युटी घेतली गेली नाही, आणि मध्य रेल्वेच्या शंभरावर गाड्या रद्द झाल्या. फलाटांवर लोकांनी मोटरमनना शिव्या घातल्या. शिव्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या. काही माणसं एका संध्याकाळी जादा काम करत नाहीत म्हणून शंभर गाड्या रद्द होत असतील, तर ते वेळापत्रक मुळातच माणसांच्या सुट्टीतून कापून शिवलेलं आहे.

ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2022 मध्ये सुरू झाली. कल्याण-कसारा तिसरीचं काम चालू आहे. नवे रूळ म्हणजे नव्या गाड्या, आणि प्रत्येक नव्या गाडीला माणूस लागतो. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या प्रवासी संघटना फेऱ्या वाढवा म्हणून निवेदनं देतात. पुढच्या निवेदनात त्यांनी आणखी दोन ओळी घालाव्यात. मोटरमन आणि लोको पायलटांची किती पदं रिकामी आहेत, ते जाहीर करा. आणि गेल्या महिन्यात किती ड्युट्या अकरा तासांच्या पुढे गेल्या, तो आकडा दर महिन्याला कल्याण स्थानकात सर्वांना दिसेल असा लावा.