कापूस घरात ठेवायला शिकवण्याची शास्त्रशुद्ध रीत

कृती आधी आणि फळ मागून, हा साधक अभिसंधानाचा क्रम. फळामुळे तीच कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढली, तर प्रबलन झाले असे समजावे. बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) यांनी हे उंदीर आणि कबुतरे पेटीत ठेवून तपासले. विदर्भातल्या आर्णी तालुक्यात पेटीचा खर्च नाही. कापूस उत्पादक शेतकरी, त्याच्या घरातली एक खोली आणि बाजारभाव एवढ्या साहित्यावर काम भागते. प्रयोगकर्ता बाजार.

सुरुवात धन प्रबलनाने करावी. इथे कृतीपाठोपाठ हवीशी गोष्ट मिळते. वेचणीआधीची सीतादहीची पूजा आटोपून पहिल्या वेच्याचा कापूस नेणाऱ्याला चांगला भाव मिळाला, तर पुढच्या वर्षीही तो वेळेवरच विकेल. म्हणून हा भाव देणे टाळावे. दिवाळीच्या सुमारास सगळ्यांचाच माल एकदम येतो, त्यामुळे टाळणे फारसे अवघड जात नाही.

ऋण प्रबलनाला पुष्कळ जण शिक्षा समजतात. बैलाला तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचत राहिली आणि तो चालू लागताच थांबली, तर चालणे पक्के होते. हे ऋण प्रबलन. त्याच बैलाने शेजाऱ्याच्या तुरीत तोंड घातले आणि पाठीत काठी बसली, तर ती शिक्षा. शेतकऱ्यासाठी तुतारीचे काम कृषी केंद्राची उधारी करते. खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर कापूस चढला की तगादा थांबतो आणि पडत्या भावात विकण्याची सवय लागते. उधारी फेडूनही ज्याच्या घरात कापूस उरतो, तोच पुढच्या धड्याला पात्र.

हा धडा म्हणजे प्रबलनाचे वेळापत्रक. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. टोचल्यावर दर वेळी दाणा मिळणारे कबूतर दाणा बंद होताच लवकर टोचणे सोडते. कधीमधी, अनियमितपणे मिळालेले मात्र हजारो वेळा रिकामेच टोचत राहते. म्हणून बक्षीस क्वचित द्यावे, पण भरघोस द्यावे. २०२१-२२ च्या हंगामात हे उत्तम साधले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये असताना विदर्भातल्या बाजारांत भाव १०,००० च्या पुढे गेला. ज्यांनी थांबून विकला त्यांना फळ मिळाले. ज्यांनी आधीच विकला होता त्यांना शेजाऱ्याचे फळ पाहायला मिळाले. दुसऱ्या गटाचे शिक्षण जास्त खोल झाले असावे.

पुढच्या हंगामात प्रयोगकर्त्याने काहीच करायचे नसते. २०२२-२३ मध्ये हमीभाव ६,३८० होता; बाजार बराच काळ आठ हजारांच्या आसपास रेंगाळला आणि उन्हाळ्यात आणखी उतरला. हा भाव हमीभावाहून बरा होता, तरी दहा हजारांची चव घेतलेल्यांनी खोल्या भरून ठेवल्या. प्रबलन थांबल्यावर कृती हळूहळू मावळते, तिला विलोपन म्हणतात. अनियमित प्रबलनानंतर ते फार सावकाश होते. ग्रंथ बरोबर निघाला.

मधल्या काळात शिक्षाही होते. कापूस वाळून वजन घटते, साठ्यातल्या किड्यांनी घरच्यांच्या अंगाला खाज सुटते. तरी या शिक्षेने सवय मोडेल अशी भीती बाळगू नये. शिक्षा रोज थोडी असते, बक्षीस एकदाच पण मोठे मिळालेले असते.

राहिली अंधश्रद्धा. १९४८ मध्ये स्किनर यांनी कबुतरांना, ती काहीही करोत, ठरावीक अंतराने दाणे दिले. बहुतेक पक्ष्यांनी दाणे आपल्याच करणीने येतात असे वागायला सुरुवात केली. एक तर गोल फिरू लागले. २०२१-२२ चा भाव जगभरातल्या तेजीने आणि देशातल्या कमी आवकेने चढला होता. तरी ‘थांबलो म्हणून मिळाला’ हे वाक्य पारावर अजून ऐकू येते, आणि प्रयोगकर्त्याने ते खोडून काढू नये.

सवय कायमची मोडायची असेल, तर दर वर्षी, वेळेवर, परवडणारा भाव द्यावा लागतो. तो या मार्गदर्शनाचा विषय नाही. प्रयोगाची मुदत निसर्गच ठरवतो. जूनमध्ये पेरणी येते, बियाण्याला रोख पैसे लागतात, आणि तोपर्यंत खोली असेल त्या भावाने रिकामी करावीच लागते.