सत्याचा त्रास न होता प्रकल्प कसा करावा

शाळेत गेल्यावर प्रकल्प चुकत नाही. जलसुरक्षेचा असतो, पर्यावरणाचा असतो, आणि अधूनमधून वरून जो आदेश येईल त्याचाही असतो. प्रकल्पाला माहिती लागते, माहिती इंटरनेटवर असते आणि इंटरनेट झेरॉक्सच्या दुकानात असते. इथवर सगळे सुरळीत चालते. घोटाळा होतो तो एखादे पोर मध्येच उठून "सर, पण हे खरंय का?" असे विचारते तेव्हा. अशा प्रसंगी नातेपुते व पंचक्रोशीतील शिक्षकबंधुभगिनींचा गोंधळ उडू नये, म्हणून ही मार्गदर्शिका. ती माळशिरस तालुक्याबाहेरही चालेल. अकलूजकरांना वेगळी हवी असल्यास त्यांनी स्वतःची काढावी, ते समर्थ आहेत.

पहिली पायरी निवडीची. यादीत जे सर्वांत वर ते सर्वांत खरे. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असे लिहिलेले दिसले तर बिचकू नये. पैसे भरून वर आलेला माणूस ऐपतदार असतो, आणि ऐपतदार माणूस कशाला खोटे बोलेल? हल्ली या सगळ्यांच्याही वर यंत्राने रचलेले आयते उत्तर येते. ते तर डोळे मिटून उतरवावे. २०२४ साली याच यंत्राने पिझ्झ्यावरचे चीज घसरू नये म्हणून त्यात गोंद मिसळायला सांगितले होते. कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी केलेली थट्टा त्याने मनावर घेतली होती. आपल्याकडच्या पोरांना डब्यात भाकरी असते, त्यामुळे काळजीचे कारण नाही.

दुसरी पायरी रूप पाहण्याची. पत्त्याशेजारी कुलूप आहे का ते पाहावे. आपण आणि ते संकेतस्थळ यांच्यामधले बोलणे वाटेत तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढाच त्या कुलपाचा अर्थ. पलीकडे बसलेला माणूस लबाड असला तरी कुलूप लागतेच. पण मुलांना हे सांगत बसू नये. पत्त्याच्या शेवटी 'डॉट ओआरजी' असेल तर ती सेवाभावी संस्था समजावी. ते नाव पैसे भरून कुणालाही घेता येते आणि 'डॉट गव्ह डॉट इन' मात्र सरकारी कार्यालयांनाच मिळते, असले बारकावे परीक्षेला येत नाहीत.

ही पद्धत जगभर यशस्वी झालेली आहे. झाडावर राहणाऱ्या एका दुर्मीळ ऑक्टोपसला वाचवा, असे सांगणारे एक इंग्रजी संकेतस्थळ १९९८ पासून आहे. छायाचित्रे, अधिवास, नामशेष होण्याची कारणे, सगळे साग्रसंगीत. प्राणी तेवढा अस्तित्वात नाही. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या सातवीच्या २५ मुलांना ते दाखवले, तर एक वगळता सगळ्यांना ते विश्वसनीय वाटले. त्या एकाचे पुढे काय झाले ते कळत नाही. आपल्याकडे असता तर त्याला बाकावर उभे केले असते.

मोठ्यांचेही फार वेगळे नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० पीएचडीधारक इतिहासकार, १० तथ्यतपासनीस आणि त्याच विद्यापीठातले २५ विद्यार्थी संगणकापुढे बसवले. इतिहासकार आणि विद्यार्थी समोरचे पान मन लावून वरपासून खालपर्यंत वाचत राहिले, आणि भारदस्त नावाला व बोधचिन्हाला पुष्कळदा फसले. तथ्यतपासनीसांनी ते पान धड वाचलेही नाही. ते लगेच बाहेर पडले आणि हे लोक कोण, यांच्याविषयी इतर काय म्हणतात, यांना पैसा कोण देतो, ते दुसरीकडे धुंडाळू लागले. कमी वेळात जास्त अचूक निकाल त्यांचाच आला. म्हणजे मन लावून वाचणारा फसला आणि उठून जाणारा वाचला. शिस्तीच्या दृष्टीने हा निष्कर्ष वर्गात सांगण्यासारखा नाही.

दुर्दैवाने आपल्या मुलांना ही खोड घरूनच लागलेली असते. ऊस कारखान्यावर न्यायच्या आधी बाहेरच्या वजनकाट्यावर गाडी घालून बघणारा बाप ज्याच्या घरात आहे, ते पोर एका काट्यावर विश्वास ठेवील कसे? कारखान्याच्या काट्याची खात्री कारखान्याच्याच काट्यावर होत नसते, हे त्याला सातबारा वाचता येण्याआधी कळलेले असते. तेव्हा वर्गात उसाचा विषय टाळावा.

त्याहून घातक म्हणजे गावाची परीक्षा. ती अशी. संकेतस्थळ कशाचेही असो, ते आपल्या गावाविषयी काय म्हणते ते आधी काढायचे. नातेपुते कुठल्या जिल्ह्यात घातले आहे? शिखर शिंगणापूर इथून जवळ, पण ते सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. हे त्यांना ठाऊक आहे का? नातेपुत्याला मुक्काम असतो तो माउलींच्या पालखीचा. ती बरडहून येते, धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि इथून माळशिरसला जाते. तुकोबांची पालखी सराटीहून अकलूजला येते. दोन्ही आपल्याच तालुक्यातून जातात, म्हणून लांबचा लिहिणारा इथे हमखास गोत्यात येतो. ज्याने आपल्या अंगणातली पालखी चुकवली, त्याच्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर भरवसा किती ठेवायचा, असे मग मुले विचारू लागतात. हे थांबवले पाहिजे.

मराठी विश्वकोशापासूनही मुलांना जपावे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली तो घडला, पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि आता तो इंटरनेटवर फुकट आहे. त्याची खोड अशी, की नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव असते. माणसाचे नाव आले की तो कोण, त्याला यातले काय कळते, असले प्रश्न आलेच. शिवाय विश्वासू माणूसही शिळा होतो. सुरुवातीच्या खंडांतले लोकसंख्येचे आकडे १९७१ च्या जनगणनेचे आहेत. 'सध्याची लोकसंख्या' म्हणून मुले तेच उतरवतात. २०११ ला सोलापूर जिल्ह्यात ४३ लाख १७ हजार ७५६ माणसे मोजली गेली होती, हे सांगून त्यांचा हिरमोड करू नये.

चित्रांची पायरी सोपी आहे. दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा रंगीबेरंगी भारत मुखपृष्ठावर डकवावा. ते चित्र एका रात्रीचे नाहीच. उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून, कोणत्या काळात कुठे दिवे वाढले ते वेगवेगळ्या रंगांत दाखवलेले आहे. २०१२ मध्ये नासाने खऱ्या दिवाळीच्या रात्रीचे छायाचित्र दिले, त्यात नेहमीच्या रात्रीपेक्षा वेगळे काही दिसत नाही. ते मुखपृष्ठाला शोभणार नाही.

मोबाइलवर पुढे ढकललेला संदेश संदर्भ म्हणून घ्यावा का? दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचे २०१६ साली सगळ्या गावाला माहीत होते. २०२३ मध्ये नोट परत मागवली, चिप अजून सापडायची आहे. इथवर हसता येते. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे जमावाने पाच जणांना मारून टाकले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत फिरणारे, बहुतेक जण आपल्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश तिकडे आधीपासून फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. या पायरीवर मार्गदर्शिकेकडे विनोदी सल्ला नाही.

शेवटी 'संदर्भ' हे पान. इथे 'गुगल' असे लिहावे. फार झाले तर 'इंटरनेट'. गुगल रस्ता दाखवतो, घर दुसऱ्याचेच असते, असा वाद कुणी घातल्यास समासाकडे लक्ष वेधावे.

एवढी काळजी घेऊनही एखादी नववीतली मुलगी पालखीवरचा प्रकल्प असा आणून देते. मुक्कामाची माहिती: आजी, वय ७२, दरवर्षी घरी दिंडीचा स्वयंपाक असतो. पालखी थेट ज्ञानेश्वरांच्या काळापासून अशीच चालत आली आहे, असेही आजीने सांगितलेले. ते मात्र तिने घेतलेले नाही, कारण ते आजीने पाहिलेले नाही. त्यासाठी वाचनालयातली दोन पुस्तके. आजचा सोहळा हैबतबाबा आरफळकरांनी सुरू केला यावर दोन्ही पुस्तके एकमत, वर्षावर नाहीत. म्हणून तिने 'एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध' एवढेच लिहून खाली तसा खुलासा केलेला. एक संकेतस्थळ तिने नावानिशी नोंदवले आहे आणि पुढे कंसात: तुकोबांची पालखी नातेपुत्यात आणली आहे, म्हणून वापरले नाही.

अशा प्रकल्पाला २० पैकी १४ गुण द्यावेत. शेरा: अक्षर चांगले. संदर्भ अपुरे, गुगलचा उल्लेख नाही.