अ‍ॅडमिनसाहेब बोलत नाहीत

अ‍ॅडमिनसाहेब नेमकं काय काम करतात, हे ऑफिसात कोणालाच ठाऊक नसतं. अकाउंट्सच्या मॅडमना ते प्रिंटरवाले वाटतात, सेल्सच्या पोरांना वायफायवाले. एचआरच्या दप्तरी ‘सीनियर सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ अशी नोंद आहे, पण तिच्यावरून एचआरलाही फारसा बोध होत नाही. ऑफिस हिंजवडीचं असो की ऐरोलीचं, सर्व्हर रूमला लागून असलेलं कोपऱ्यातलं टेबल साहेबांचं. यंत्रांसाठी एसी एवढा जोरात चालतो की ऐन मे महिन्यात साहेब स्वेटरमध्ये. समोर काळा स्क्रीन, त्यावर हिरवी अक्षरं सरसर वर जात असतात. बघणाऱ्याला वाटतं, एखादी बँक फोडणं चाललंय. साहेब कुठल्या डिस्कवर किती जागा उरली ते बघत असतात.

माउस त्यांच्याकडे आहे. त्यावर धूळ आहे.

साहेबांचं बोलणं तुटक. पण हा दोष त्यांचा नाही, ज्या हत्यारांबरोबर उभा जन्म गेला त्यांचा आहे. ती हत्यारं युनिक्सची. या ऑपरेटिंग सिस्टीमचा पाया १९६९ साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये घातला गेला. घालणारे केन थॉम्सन आणि डेनिस रिची. तेव्हा समोर स्क्रीन नसायचा. टेलिटाइप नावाचं यंत्र खडखडत सेकंदाला १० अक्षरं कागदावर उमटवायचं आणि त्याच्या कळा दाबून बोटं भरून यायची. मग अक्षरांची काटकसर सुरू झाली. यादी हवी तर ‘एलएस’, नक्कल हवी तर ‘सीपी’, हलवायचं तर ‘एमव्ही’, पुसायचं तर ‘आरएम’. ही काटकसर एवढी अंगात भिनली की ‘क्रिएट’ करणाऱ्या कॉलच्या नावातलं शेवटचं ‘ई’सुद्धा वाचवलं गेलं. युनिक्स पुन्हा बनवायचं झालं तर काय बदलाल, असं पुढे कोणीतरी विचारलं, तेव्हा तेवढं ‘ई’ घालीन, असं थॉम्सन यांनी सांगितलं.

साहेबांनी ही परंपरा व्हॉट्सअ‍ॅपवर चालू ठेवली आहे. भाच्याची मुंज, हॉलचा पत्ता, आहेराचं काय, तिथून परतताना मावशींना कुठे सोडायचं, असा बायकोचा सविस्तर निरोप येतो. साहेबांचं उत्तर: ‘के.’

दुसरा संस्कार मौनाचा. युनिक्सच्या जुन्या कमांड काम नीट झालं की अवाक्षर काढत नाहीत. हजार फाइली एका जागेवरून दुसरीकडे न्या, स्क्रीनवर एक ओळ उमटणार नाही. बिघडलं तरच बोलायचं. नवे मॅनेजर पहिल्या आठवड्यात या मौनाला बिचकतात. साहेबांच्या खांद्यावरून वाकून बघत म्हणतात, “काहीच आलं नाही हो!”

“म्हणजे झालं,” साहेब.

घरी हाच नियम आईला लागू होतो. भाजी कशी झालीय हे तिला दोनदा विचारावं लागतं, मग उत्तर येतं, “काही चुकलं असतं तर बोललो नसतो का?”

मात्र या गप्प हत्यारांना साहेब मनातून घाबरतात. ‘आरएम’ विचारत नाही. ‘नक्की पुसू का?’ नाही, कचऱ्याची टोपली नाही, गयावया करायला जागा नाही. त्याला ‘डॅश आरएफ’ जोडलं की फोल्डरच्या आतले फोल्डरही मुकाट जातात. नव्या ट्रेनीला लॉगिन देण्याआधी साहेब त्याला समोर बसवतात आणि वर्षाचा शब्दांचा कोटा खर्चून दोन गोष्टी सांगतात. पहिली पिक्सारची. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना कोणीतरी ती कमांड नको त्या जागी चालवली. काम करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत नायक वुडीची टोपी गेली, मग बूट गेले, मग अख्खा वुडी गेला. बॅकअप काढून पाहिला तर तो कामाचा नव्हता. चमूतल्या गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून ऑफिसात आणला, तेव्हा सिनेमा वाचला. दुसरी गोष्ट गिटलॅब कंपनीची, ३१ जानेवारी २०१७ची. रात्री उशिरापर्यंत झुंजणाऱ्या इंजिनिअरनं एका सर्व्हरवर चालवायची कमांड दुसऱ्यावर चालवली. चूक लक्षात येऊन हात थांबला तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या आणि प्रती ठेवण्याच्या पाच वाटा होत्या. ऐनवेळी एकही धड चालेना. सहा तासांपूर्वी कोणी सहज काढून ठेवलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावलं.

ट्रेनी विचारतो, “सर, त्याला काढून टाकलं का?” साहेब म्हणतात, “नाही. कंपनीनं सगळं जाहीर लिहून टाकलं.” ट्रेनीला हे पहिल्या गोष्टीपेक्षा भयंकर वाटतं.

स्वतः साहेब ‘आरएम’ कसं चालवतात, ते बघण्यासारखं आहे. आधी तीच ओळ ‘एलएस’ लावून चालवतात, म्हणजे नेमकं काय जाणार ते दिसतं. मग ‘पीडब्ल्यूडी’, आपण कुठे उभे आहोत? मग ‘होस्टनेम’, हा सर्व्हर तरी आपल्याला वाटतोय तोच आहे ना? मग ओळ पुरी टाइप करून दोन्ही हात कीबोर्डवरून उचलतात. चहाचा एक घोट घेतात. ओळ डावीकडून उजवीकडे वाचतात, मधे एखादी जागा चुकून मोकळी सुटली नाही ना ते बघतात. आणि मग करंगळीनं एंटर.

त्यांची खरी विद्या दिसते सोमवारी सकाळी. अ‍ॅप्लिकेशन बंद, क्लायंटचा फोन, मॅनेजरची येरझार. ‘डीएफ’ सांगतं, डिस्क शंभर टक्के भरली. ‘डीयू’नं फोल्डर मोजावेत तर बेरीज निम्म्यावरही जात नाही. ज्युनिअर शपथेवर सांगतो, “सर, मी रात्रीच मोठी लॉग फाइल उडवली.” साहेब ‘एलएसओएफ’ चालवतात, त्यातून ‘ग्रेप’नं एक ओळ काढतात आणि स्क्रीनवर बोट ठेवतात. फाइलचं नाव पुसलंय खरं, पण एका प्रोग्रॅमनं ती अजून उघडी धरून ठेवलीय. जोवर तो सोडत नाही तोवर युनिक्स ती जागा मोकळी करत नाही.

“सातबाऱ्यावरून नाव उडवलं म्हणून कूळ जमीन सोडतं का?” साहेब विचारतात. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला जातो आणि जागा मोकळी होते. मॅनेजर ‘टीम’चे आभार मानणारी मेल पाठवतात.

आळशीपणाच्या बाबतीत साहेबांइतका कष्टाळू माणूस सापडायचा नाही. रोज दोन मिनिटांचं काम हातानं करायला लागू नये म्हणून शनिवार-रविवार खर्चून ते स्क्रिप्ट लिहितात आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनला जुंपतात. क्रॉनच्या ओळीत वेळेचे पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. सोपं दिसतं, म्हणूनच ज्युनिअर फसतो. रिपोर्ट महिन्याच्या पहिल्या सोमवारी जायला हवा होता. त्यानं तारखेच्या रकान्यात १ ते ७ टाकलं, वाराच्या रकान्यात सोमवार. पण दोन्ही रकाने भरले की क्रॉन ‘आणि’ समजत नाही, ‘किंवा’ समजतं. क्लायंटला पहिल्या आठवड्यात रोज एक आणि पुढे दर सोमवारी एक असे रिपोर्ट जात राहिले. साहेबांनी ज्युनिअरला रागावून काही म्हटलं नाही. मॅन्युअलचं पान उघडलं, एका वाक्यावर कर्सर नेऊन ठेवला आणि जेवायला गेले.

डेव्हलपर मंडळींशी मात्र त्यांचं जमत नाही. “सर, परमिशन डिनाइड येतंय, ७७७ करून टाका ना,” असं कोणी म्हणालं की साहेबांचा चेहरा पडतो. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचे १. मालकाला सात, गटाला सात आणि येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही सात! साहेब ६४० देतात, तेही तिकीट टाकल्यावर. रूटचे, म्हणजे सर्वाधिकार वापरू देणाऱ्या सुडोची परवानगी तर मागूच नये. ती मिळालेल्याला पहिल्या वेळी यंत्रच तीन गोष्टी बजावतं: दुसऱ्याचा खाजगीपणा जप, टाइप करण्याआधी विचार कर, मोठ्या अधिकाराबरोबर मोठी जबाबदारी येते. पासवर्ड चुकला तर टोमणे मारण्याची सोयही सुडोत आहे; साहेबांनी ती आवर्जून चालू करून ठेवलीय. यादीत नसलेल्यानं सुडो वापरून पाहिलं, तर या प्रकाराची तक्रार केली जाईल, अशी धमकी वर्षानुवर्षं स्क्रीनवर येत असे. तक्रार जायची रूटच्या मेलबॉक्समध्ये. रूट म्हणजे साहेब. तो मेलबॉक्स त्यांनी कधीच उघडलेला नाही.

साहेबांना बोलतं करायचा एकच हमखास उपाय आहे, ‘सिस्टीमडी’ हा शब्द. यंत्र सुरू होताना कोणती सेवा कधी चालू करायची, हे बघणारी ही यंत्रणा २०१० साली लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी आणली. आधी हे काम साध्या शेल स्क्रिप्ट करायच्या, कोणीही उघडून वाचाव्यात अशा. २०१४ साली डेबियन या लिनक्स प्रकल्पात यावरून एवढं पेटलं की काही जण वेगळे निघाले आणि त्यांनी सिस्टीमडीशिवायचं देवुआन काढलं. “एका कामाला एक हत्यार, हा धर्म होता!” इथून साहेब सुरू होतात. लॉगसुद्धा आता बायनरी, इथवर येईतो चहा गार. मग ते तावातावानं ‘आयएफकॉन्फिग’ ही नेटवर्कची जुनी कमांड टाइप करतात. नवं यंत्र ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणतं, आणि विषय आणखी अर्धा तास लांबतो. नोकरीचा सर्व्हर मात्र सिस्टीमडीवरच चालतो, आणि तो ऑफिसात त्यांच्याइतका कोणालाच चालवता येत नाही.

निवृत्तीचा हिशोबही त्यांनी युनिक्सच्याच घड्याळात केला आहे. युनिक्स १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद मोजतं. जुन्या ३२ बिटांच्या मोजणीत हा आकडा मावेनासा होईल मंगळवारी, १९ जानेवारी २०३८ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर. पुढच्या सेकंदाला अशी यंत्रं स्वतःला डिसेंबर १९०१मध्ये समजतील. साहेबांची निवृत्ती २०३८च्याच मे महिन्यात. तेव्हा त्या मंगळवारची रजा आत्ताच टाकून ठेवावी म्हणून त्यांनी एचआरच्या पोर्टलवर अर्ज भरला. पोर्टलनं तारीख लाल केली आणि ‘इनव्हॅलिड डेट’ असं उत्तर दिलं.

साहेब खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसले. सर्व्हर रूमच्या बाहेर दोघंतिघं घाबरून उभे राहिले.