हुकुमाची सवड

दि. 10 जुलै 2020 रोजी पुण्यात 13 ते 23 जुलै अशा टाळेबंदीचा हुकूम सुटला, आणि गर्दी हेच रोगाचे मूळ होय असे ज्या अंमलदारांनी रयतेस चार महिने पढविले होते, त्यांनीच मध्ये तीन दिवसांची सवड ठेवून मंडईपासून वाण्याच्या दुकानापर्यंत अशी दाटी करविली की गणेशोत्सवासही मत्सर वाटावा. पहिले पाच दिवस दूध आणि औषधे एवढीच मुभा, तेव्हा पिशवी घेऊन धावणाऱ्या गृहस्थास (त्यात प्रस्तुत लेखकही आला) बेशिस्त ठरविणे दफ्तरास सोयीचे गेले. पुढे विषाणूस पंचांग वाचता येते अशा श्रद्धेने 24 जुलैपासून रस्त्याच्या एका अंगाची दुकाने सम तारखेस आणि दुसऱ्या अंगाची विषम तारखेस उघडण्यात आली.