मागच्या चाकाचे सहा मिलिमीटर

फुल सस्पेन्शन सायकलची फ्रेम निवडायला बसलं की सगळी चर्चा लिंकेजवर होते. हॉर्स्ट लिंक घ्यावी की सिंगल पिव्हट, डीडब्ल्यू-लिंक चढाला खरंच बरी का, ट्रॅव्हल १२० मिलिमीटर पुरे की १५० हवा. कंपन्यांची माहितीपत्रकंही हाच सूर लावतात. पिव्हटांच्या जागा, शॉकचे आलेख, रंगीत चित्रं. मागच्या एक्सलसाठी शेवटच्या तक्त्यात एक ओळ असते: ‘१२ मिमी थ्रू एक्सल’. ही ओळ अर्धवट आहे. ती अर्धवट ठेवल्यामुळे गिऱ्हाइकाला जो भुर्दंड पडतो आणि जी वणवण करावी लागते, त्याबद्दल माझी तक्रार आहे.

लिंकेजचा प्रश्न तसा बराचसा मार्गी लागला आहे. हॉर्स्ट लायट्नरने मागच्या एक्सलच्या पुढे, चेनस्टेवर पिव्हट बसवला. त्याचं पेटंट स्पेशलाइज्ड कंपनीने १९९८ मध्ये विकत घेतलं, आणि अमेरिकेत फ्रेम विकणाऱ्या इतरांना परवाना तरी घ्यावा लागे किंवा पिव्हट दुसरीकडे हलवावा लागे. २०१३ च्या सुमारास ते पेटंट संपलं आणि ही रचना सगळ्यांना मोकळी झाली. आज नीट बनवलेली कुठलीही फ्रेम घ्या, सवयीने तिच्याशी जुळवून घेता येतं. पुण्याच्या टेकड्यांवर मुरूम आणि सुटे काळे दगड असतात. तिथे १२० ते १३० मिमी ट्रॅव्हल पुरेसा होतो, त्याहून जास्त घेतला तर चढाला वजन ओढावं लागतं. मागच्या चाकाशी मात्र असं जुळवून घेता येत नाही. ते बसतं किंवा बसत नाही.

आणि फुल सस्पेन्शनमध्ये एक्सलला दुय्यम समजणं मुळातच चूक आहे. हार्डटेलमध्ये, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलमध्ये, मागचा त्रिकोण फ्रेमशी एकजीव असतो. फुल सस्पेन्शनमध्ये तो पिव्हटांवर हलतो आणि त्याची डावी-उजवी बाजू वेगवेगळी पिळू पाहते. या दोन बाजूंना चाकापाशी बांधून ठेवायला एक एक्सलच असतो. क्विक रिलीजमध्ये हबच्या १० मिमी एक्सलची टोकं उघड्या खाचेत टेकलेली असतात आणि आरपार जाणारी जेमतेम ५ मिमीची सळई त्यांना आवळून धरते. वळणावर चाक तिरकं आपटलं की मागची बाजू पिळते आणि डिस्क पॅडला घासते. चाक काढून पुन्हा बसवलं की ते केसभर इकडे किंवा तिकडे बसतं आणि ब्रेक पुन्हा जुळवायला लागतो. १२ मिमीचा थ्रू एक्सल फ्रेमच्या एका बाजूने शिरतो, हबमधून आरपार जातो आणि दुसऱ्या बाजूच्या आट्यांमध्ये घट्ट बसतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचा मिळून एक मजबूत चौकोन तयार होतो. क्विक रिलीज रस्त्यावरच्या सायकलसाठी उत्तम आहे. फुल सस्पेन्शन फ्रेमवर आज तो कोणी देत असेल तर घेऊ नये.

म्हणजे थ्रू एक्सलला माझा विरोध नाही. माझा राग आहे तो त्याच्या पिलावळीवर.

माउंटन बाइकच्या मागच्या हबची रुंदी बरीच वर्षं १३५ मिमी होती. जर्मनीतल्या सिंटेसच्या एक्स-१२ पद्धतीबरोबर १४२ आली आणि २०१० च्या सुमारास सगळीकडे पसरली. हा बदल विचारपूर्वक केलेला होता. हबचा मधला भाग तोच राहिला, फक्त दोन्ही टोकं साडेतीन-साडेतीन मिलिमीटरनी लांबली आणि फ्रेमच्या आतल्या बाजूच्या खोबणीत बसू लागली. चाक वर ढकललं की ते आधी त्या खोबणीत जागेवर टेकतं, मग एक्सल सरळ आत जातो. अंधारात, हाताला ग्रीस लागलेलं असतानाही जमतं. शिवाय जुन्या हबची टोकं बदलून तेच चाक नव्या फ्रेममध्ये वापरता येई, म्हणजे जुन्या चाकाचे पैसे वाया जात नव्हते.

मग २०१४ मध्ये ट्रेक आणि स्रॅम या कंपन्यांनी १४८ आणली आणि तिचं नाव ठेवलं बूस्ट. २९ इंची चाकाचे स्पोक लांब, म्हणून चाक बाजूला लवकर लवतं; हबच्या दोन्ही कडा तीन-तीन मिमी बाहेर नेल्या की स्पोक जास्त तिरके बसतात आणि चाक कडक होतं. कारण खरं आहे. पण या सहा मिलिमीटरसाठी चेनचं पुढचं दातेरी चाक बाहेर सरकलं, डिस्कची जागा सरकली आणि १४२ ची चांगली चालती चाकं नव्या फ्रेमला निरुपयोगी झाली. चकत्यांचे जोड मिळतात: दोन्ही टोकांना तीन-तीन मिमी, डिस्कखाली आणखी एक आणि तिच्यासाठी लांब स्क्रू. ते काम करतात, पण पंक्चर काढायला चाक उतरवलं की त्यातली एखादी चकती हमखास गवतात पडते.

पुढे स्वस्त सायकलींसाठी १४१ निघाली. ती म्हणजे बूस्टचं हब, पण क्विक रिलीजवालं. दुकानात १४१ आणि १४२ ही चाकं शेजारी टांगलेली असतात, फरक एक मिलिमीटरचा दिसतो आणि एकाचं दुसऱ्याला चालत नाही. डाउनहिल सायकलींची १५० होती, तिची खोबणीवाली १५७ झाली. त्यावर २०१६ मध्ये पिव्हट कंपनीने सुपर बूस्ट प्लस आणली. तीही १५७ मिमीच, पण हबच्या कडा आणखी बाहेर. आकडा एक आणि हब दोन तऱ्हांची. सामान्य चालवणाऱ्याला १४८ वरून १५७ वर जाऊन हाती काही लागत नाही, सुटे भाग मात्र आणखी दुर्मीळ होतात. हे माझं स्पष्ट मत आहे.

हबच्या रुंदीची निदान चर्चा तरी होते. आट्यांची तीही होत नाही. १२ मिमीच्या थ्रू एक्सलचे आटे मुख्यतः तीन तऱ्हांचे येतात: दोन आट्यांमधलं अंतर १.०, १.५ किंवा १.७५ मिमी. एक्सलची एकूण लांबी फ्रेमच्या टोकांच्या जाडीवर ठरते, त्यामुळे १४८ च्या फ्रेमलाही एकीकडे १७४ मिमीचा एक्सल लागतो, दुसरीकडे १८० चा. डोकं कुठे सपाट असतं, कुठे निमुळतं. या सगळ्यांवर माहितीपत्रकातली ओळ एकच, ‘१२ मिमी थ्रू एक्सल’.

ही अडचण मी सोसली आहे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून एक वापरलेली फ्रेम आली. फ्रेम सुरेख, शॉक नुकताच सर्व्हिस केलेला, पण मागचा एक्सल प्रवासात कुठेतरी राहिलेला. फ्रेम बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहून मॉडेल, वर्ष आणि क्रमांक कळवला. उत्तर आलं, जवळच्या विक्रेत्याला भेटा. जवळच्या विक्रेत्याने सांगितलं, कंपनीला विचारा. शेवटी एका आयातदाराकडून ‘१२ बाय १४८’ असा एक्सल मागवला. जाडी बरोबर, लांबीही बरोबर. पहिला आटा लागला, दुसरा लागला आणि तिथे एक्सल अडला. फ्रेमचे आटे १.७५ चे होते, आलेला एक्सल १.५ चा. आयातदार म्हणाला, पाकीट उघडलंय, परत घेता येणार नाही. बाहेर १.५ की १.७५ लिहिलंच नव्हतं, मग पाकीट न उघडता ते कळायचं कसं, हे मी त्याला विचारलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

अशा वेळी जोर लावू नका. एक्सल आणि फ्रेममधले आटे दोन्ही बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. पाना घेऊन एक फेरा जास्त दिला की फ्रेमचे आटे जातात. पुष्कळ फ्रेममध्ये हे आटे हँगरमध्ये, म्हणजे मागचा गिअर धरणाऱ्या सुट्या तुकड्यात असतात, तिथे हँगर बदलून सुटका होते. ते थेट फ्रेममध्येच असतील, तर दोन-चार हजारांच्या एक्सलपायी लाखाच्या घरातली फ्रेम अडून बसते. आटे ओळखायचे असतील तर एक्सलवरची दहा अंतरं व्हर्नियरने मोजा. दहा मिमी भरली तर १.०, पंधरा भरली तर १.५, साडेसतरा भरली तर १.७५. नुसत्या डोळ्यांना १.५ आणि १.७५ वेगळे दिसत नाहीत, मुरलेल्या मेकॅनिकलाही नाहीत.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला २८ बाय दीड इंची टायर लागतो, आणि तो कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. तिचा एक्सल, छर्रे, कोन आणि नटही मिळतात. ती सायकल ज्या वर्षी घेतली त्या वर्षाची चौकशी दुकानदार करत नाही. माउंटन बाइकने तसंच जड आणि साधं राहावं असं मी म्हणत नाही. पण सुटा भाग मिळणं हासुद्धा सायकलीचा गुण आहे, आणि वजनाइतकाच तोही मोजला पाहिजे.

माउंटन बाइकलाही हे जमतं, याचा पुरावा आहे. हँगरचे शेकडो आकार होते. फ्रेम तीन वर्षं जुनी झाली की तिचा हँगर शोधणं हेच एक काम होऊन बसे. २०१९ मध्ये स्रॅमने युनिव्हर्सल डिरेल्युअर हँगर आणला आणि इतर फ्रेम कंपन्यांना वापरायला दिला. २०२३ मध्ये आलेल्या त्यांच्या नव्या गिअरला अशीच फ्रेम लागते, म्हणजे त्यात त्यांचा धंदा होताच. असू द्या. त्या धंद्यामुळे आज एकच हँगर खूप फ्रेमना चालतो, आणि या फ्रेमच्या एक्सलचे आटे १.० चेच असतात. एका कंपनीने मनावर घेतलं तर इतका फरक पडतो.

कंपन्यांकडे माझी मागणी साधी आहे. एक्सलच्या डोक्यावर लांबी आणि आटे कोरा. काही जण आधीपासून कोरतात, त्यांचं काही अडलेलं नाही. तेच आकडे फ्रेमवर, मागच्या टोकाच्या आतल्या बाजूला छापा. आणि विकलेल्या फ्रेमचा एक्सल व हँगर दहा वर्षं तरी मिळत राहील अशी लेखी हमी द्या.

फ्रेम घेणाऱ्यांना सांगायचं ते असं. आज घेत असाल तर १४८ आणि युनिव्हर्सल हँगरवालीच घ्या. १४२ ची चांगली चाकं आधीपासून घरात असतील तर वापरलेली १४२ ची फ्रेमही खुशाल घ्या, वर्षानुवर्षं चालेल. पैसे देण्याआधी हबची रुंदी, एक्सलची जाडी, लांबी आणि आटे हे चार आकडे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्या. तो लिहून देत नसेल तर ती फ्रेम घेऊ नका. आणि घेतलीत, तर त्याच दिवशी एक एक्सल आणि एक हँगर जास्तीचा मागवून ठेवा.