पीयूसी प्रमाणपत्रास अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री पीयूसी प्रमाणपत्र यांसी,
मुक्काम : स्कूटरची डिकी

सा. न. वि. वि.

आपली मुदत संपत आली की माणसं कशी धावतात, ते पेट्रोल पंपावरच्या व्हॅनपाशी पाहावं. नंबरप्लेटचा फोटो, सायलेन्सरच्या तोंडात नळी (कधी कधी नुसतीच तोंडाशी), की दोन मिनिटांत गाडी निर्दोष. धुरातले पीएम २.५ कण आपण मोजतच नाही. खरंच आहे, इतक्या बारीक गोष्टीत थोरामोठ्यांनी कशाला लक्ष घालावं!

त्याच पंपाबाहेर, सिग्नलला, गजरेवाली पदराचं टोक नाकाशी धरून उभी असते. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, हा निकाल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच दिला. तो मुख्यतः फुप्फुसाबद्दल, असं आपण म्हणाल. कबूल. पण २०११ साली डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात वाहतुकीच्या धुराशी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचाही संबंध दिसला होता. संबंध दिसला म्हणजे गुन्हा शाबीत झाला नाही, हेही कबूल. मुख्य आरोपी एचपीव्ही विषाणू. धुरावर फार तर साथीदार असल्याचा संशय. मात्र सिगारेट ओढणाऱ्या बायकांच्या गर्भाशयमुखाच्या स्रावात बेंझोपायरीन हे कर्करोगकारक रसायन सापडलेलं आहे, आणि डिझेलच्या काजळीतही तेच असतं. तेव्हा श्वासातून आत गेलेलं छातीतच मुक्काम ठोकतं, या भ्रमात कुणी राहू नये.

असो. पुराव्याअभावी आपण सुटलात, अभिनंदन. पण जिथे पुराव्यांचा ढीग आहे, तिथे तरी आपल्या सरकारी भाऊबंदांनी काय दिवे लावले? एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या लाखावर बायकांच्या अभ्यासातून २००९ साली जगाला कळलं. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे जेमतेम दोघींची तपासणी झालेली निघाली. तीही आयुष्यात कधीतरी एकदा. स्कूटरची दरवर्षी होते.

म्हणून विनंती, की आपल्या व्हॅनशेजारी आणखी एक व्हॅन उभी राहू द्यावी. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाईला स्वतःच घेता येतो. आडोसा आणि समजावून सांगणारी एक नर्स, एवढं पुरे. आणि तपासणी झाली नसेल तर दंड बाईला नको. ज्या खात्याने ती तिच्यापर्यंत पोचवली नाही त्याच्याकडून वसूल करावा, आपल्याच दराने, दहा हजारांपर्यंत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक स्कूटरवाली